देशी झाडांवर काम करायचंय? मराठवाड्यातून पहिली फेलोशिप मागताना

झाडांवर काम करायला कुणी पैसे देतं का, असं परभणी-हिंगोलीकडची बीएस्सी झालेली पोरं विचारतात, लातूरकडचे शिक्षक विचारतात, तालुक्याच्या पेपरात लिहिणारी मुलगीही विचारते. देतात. फक्त आपल्याकडे ‘झाडांचं काम’ म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्याला देत नाहीत. आपल्या डोळ्यांपुढे येतात खड्डे, रोपं, टँकर, पाहुण्यांच्या हातातली झारी आणि शेवटी एक मोठा आकडा. त्या कामासाठी रोजगार हमी आहे, सामाजिक वनीकरण आहे, रोपं जगवण्यासाठी गावातल्या कुटुंबांना मजुरी देणारा बिहार पॅटर्न आहे, कंपन्यांचा सीएसआर आहे. ते पैसे ग्रामपंचायतीला नाहीतर संस्थेला जातात. फेलोशिप एका माणसाला मिळते आणि तिच्यातून विकत घेतला जातो तो त्याचा वर्षभराचा वेळ. अर्ज वाचणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की हा एकटा माणूस वर्षभरात असं काय शोधून, नोंदवून ठेवेल जे पुढच्याला कामाला येईल. ‘दहा हजार झाडं लावणार’ असं लिहिलेला अर्ज इथेच मागे पडतो. वर्षभराच्या पैशात दहा हजार रोपं जगवता येत नाहीत, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आधी झाड, मग प्रश्न

मराठवाड्यात जंगल म्हणावं असं थोडंच आहे: किनवट-माहूरचा सागवानी पट्टा, अजिंठ्याचे डोंगर, गौताळा, बालाघाटाच्या काही उतरणी, येडशीचा रामलिंग घाट. बाकीची झाडं आहेत ती धुऱ्यावर, बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात, मारुतीच्या पारावर, दर्ग्याच्या आवारात, जुन्या बारवेच्या कडेला. नवख्याला ही अडचण वाटते. माझ्या मते हाच आपला फायदा आहे. सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, काळ्या रानातल्या बाभळीवर लिहिणारे थोडे.

बाभळीचंच उदाहरण घेऊ. तिच्यात रामकाठी म्हणून एक प्रकार असतो. फांद्या पसरत नाहीत, झाड सरळ वर जातं, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते. धुऱ्यावर ती मुद्दाम राखली जायची, कारण नांगर, वखर, बैलगाडी या सगळ्याला बाभळीचं लाकूड लागायचं. ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि बाभळीचं धुऱ्यावरचं कामही संपत आलं. मग आता पाच गावांच्या शिवारात रामकाठी किती उरल्या? कुणाच्या धुऱ्यावर? ज्यांनी ठेवल्या त्यांनी कशासाठी ठेवल्या? एक माणूस, एक मोटारसायकल आणि एक वर्ष एवढ्यात बसणारा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कुठे लिहून ठेवलेलं सापडत नाही.

दसऱ्याचा आपटाही घ्या. शहराच्या बाजारात ‘सोनं’ म्हणून कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात, आणि खऱ्या आपट्याच्या फांद्या कुठल्या शिवारातून तोडून आणतात ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं. दसऱ्याआधी आणि दसऱ्यानंतर ठरावीक झाडांची नोंद ठेवली, तोडणाऱ्यांशी आणि विकणाऱ्यांशी बोललं, तर एक चांगला छोटा प्रकल्प उभा राहतो. हिवर आणि शेळ्या हा आणखी एक विषय. शेंगा शेळ्या खातात, बी लेंड्यांतून बाहेर पडतं, मग धनगरांच्या वाड्याच्या जागी रोपं किती उगवतात? किनवटकडे मोह आहे, पण तिथे गोंड, कोलाम, आंध लोकांचा शब्द आधी, तुमचा प्रश्न नंतर. सोलापूर-धुळे महामार्ग रुंद होताना जुने वड गेले. मग जे आतल्या रस्त्यांवर अजून उभे आहेत त्यांची घेरासह यादी करता येईल. 2021 साली राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ ही ओळख मिळाली. हा कायदा शहरी भागापुरता आहे, त्यामुळे नगरपालिकेच्या हद्दीतली यादी थेट वृक्ष प्राधिकरणाच्या उपयोगी पडू शकते.

‘देशी’ म्हणजे काय, हे निवड समिती विचारणारच. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतले, निलगिरी ऑस्ट्रेलियातली. एवढं सगळे सांगतात. खरा घोळ जवळच्या झाडांत होतो. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे, बालाघाटात ते रानोमाळ उगवतं, तरी त्याचं मूळ अमेरिका खंडातलं. चिंचेचं मूळ आफ्रिकेत धरतात, पण शतकानुशतकं ती आपल्या आमटीत आहे. वेडी बाभूळ गावच्या बाभळीसारखी दिसते, पण ती बाहेरून आलेली आणि आता ओढेच्या ओढे गिळून बसलेली. चिंचेवर काम करायचं असेल तर जरूर करा. अर्जात मात्र तिला देशी म्हणू नका, ‘इथे रुळलेली’ म्हणा आणि तीच का निवडली ते सांगा.

आणखी एक. माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे. गवत, काळवीट, लांडगा, माळावरचे पक्षी यांचं ते घर आहे. तिथे दाट झाडी उभी करण्याचा प्रकल्प कितीही देशी झाडांचा असला तरी जाणकार वाचक बाजूला ठेवेल, आणि बरोबरच करेल. घनवनाची, म्हणजे थोड्या जागेत दाट रोपं लावण्याची, सध्या फार हौस आहे, म्हणून हे लिहावं लागतं.

पैसे कुठून

सगळ्या योजनांची यादी इथे देत नाही, दरवर्षी अटी बदलतात. ढोबळ वाटा चार आहेत.

पहिली वाट पीएचडीची. नोंदणी झाली असेल तर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्ग) या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत, अनुसूचित जमातीसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे आणि नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) तर आहेच. जेआरएफची रक्कम जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. विषय तुमच्या गाइडने मान्य केलेला लागतो. म्हणजे फेलोशिपच्या आधी गाइडला बाभूळ पटवून द्यावी लागते.

दुसरी वाट निसर्गसंवर्धनाची. ब्रिटनमधल्या रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान विकसनशील देशांतल्या व्यक्तींना आणि लहान गटांना मिळतं. अर्ज वर्षभर ऑनलाइन करता येतो, इंग्रजीत. त्यांना प्रत्यक्ष संवर्धनाशी जोडलेलं काम लागतं, निव्वळ प्रयोगशाळेतलं नको असतं. एकदा काम नीट केलं की पुढच्या टप्प्याचं अनुदानही मागता येतं. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीही व्यक्तींना अनुदान देते, पण तिथली स्पर्धा जगभरातली. आपल्या देशात इनलॅक्स रवी शंकरन फेलोशिप आहे, आणि सँक्च्युअरी नेचर फाउंडेशनचा ‘मड ऑन बूट्स’ उपक्रम तळागाळात आधीपासून काम करणाऱ्यांना हात देतो.

परदेशातून येणाऱ्या पैशांबाबत एक काम अर्जाआधी करा: जवळच्या सीएला एफसीआरएबद्दल, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याबद्दल, विचारा. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे वळवता येत नाही. ‘आमच्या गावच्या ट्रस्टच्या खात्यावर मागवू, मग बघू’ हा मार्ग बंद आहे.

तिसरी वाट कलेची आणि लेखनाची, आणि तिच्याकडे आपली माणसं बघतच नाहीत. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तींना संशोधनासाठी, कलाप्रकल्पांसाठी अनुदान देतं आणि प्रस्ताव भारतीय भाषांत, म्हणजे मराठीतही, पाठवता येतो. जात्यावरच्या ओव्यांतली बाभूळ आणि बोर, वडाच्या पारावरच्या पंचायतीच्या आठवणी, सुताराच्या हातात उरलेलं लाकडाचं ज्ञान: असा विषय असेल तर वनस्पतिशास्त्राची पदवी नसल्याचं दुःख करू नका. यशवंतराव चव्हाण सेंटरच्या शरद पवार इन्स्पायर फेलोशिपमध्ये कृषी आणि साहित्य असे विभाग आहेत, तेही तपासा.

चौथी, एखाद्या संस्थेबरोबर राहून काम करण्याची. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही तेरा महिन्यांची फेलोशिप आहे, पदवीधरांसाठी. वयाची अट असते. गाव आणि संस्था ते देतात, प्रकल्प मात्र तुमचा. अट एवढीच की घरापासून लांब राहायची तयारी हवी.

काही दारं ठोठावण्यात वेळ घालवू नका. पश्चिम घाटापुरता असलेला निधी मराठवाड्याला लागू होत नाही. जगभरात धोक्यात आलेल्या वृक्षांसाठीचे निधीही आपल्या कामाचे नाहीत; बाभूळ, पळस, कडुनिंब धोक्यातल्या झाडांच्या यादीत बसत नाहीत. बसवण्यासाठी ‘नामशेष होत चाललेली बाभूळ’ असं लिहाल तर वाचणारा यादी उघडून बघेल. आपल्या शिवारात कमी झालीय, एवढं खरं सांगितलं तरी पुरतं.

झाडाचं वर्ष आणि फेलोशिपचं वर्ष

बहुतेक प्रकल्प अडकतात ते इथे. फेलोशिप जुलैत किंवा ऑक्टोबरात सुरू होते, बारा महिन्यांनी संपते. झाडाला याचं काही देणंघेणं नसतं.

पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात. आंजनाचं बी एप्रिल-मेत, आणि तेही दरवर्षी भरपूर नाही. भरघोस बी काही वर्षांच्या अंतराने येतं. तुमचं वर्ष नेमकं वांझ निघालं तर बियांवरचा सगळा प्रकल्प बसला. मोहाचं बी पावसाळ्याच्या तोंडावर हाती येतं आणि काही आठवड्यांत त्याची उगवण संपते. पोत्यात भरून दिवाळीला पेरलं तर फक्त तेल निघेल. निंबोळीचंही तसंच, ताजी असतानाच पेरायची. धावड्याच्या बियांत बहुतेक पोकळ निघतात. सालई बियांपेक्षा फांदी लावून बरी येते. बाभळीच्या बियांचं कवच टणक, ते गरम पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर शेळीच्या पोटातून जाऊ द्यावं लागतं. आणि ती साठवली तरी टिकते, म्हणून नवख्याला बियांचं काम करायचं असेल तर मी बाभूळच सुचवेन.

म्हणून अर्जाआधी एका कागदावर बारा महिने आडवे लिहा. प्रत्येक महिन्याखाली झाड काय करतंय (पानगळ, फूल, शेंग, बी) आणि त्याखाली तुम्ही काय करणार ते. फेलोशिप ऑक्टोबरात सुरू होणार असेल तर पहिले सहा महिने मोजणी आणि मुलाखती, उन्हाळ्यात बी, पावसाळ्यात उगवण असं बसतं. जुलैत सुरू होणार असेल तर त्या वर्षाचं बी गेलेलं असतं. मग बियांचा भाग वगळा किंवा स्वतःच्या खर्चाने आधीच गोळा करून ठेवा. रोप ‘जगलं’ असं म्हणायला निदान एक उन्हाळा जायला हवा, आणि मराठवाड्याचा उन्हाळा म्हणजे काय ते समितीतल्या सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. एक वाक्य त्यावर खर्च करा.

अर्जाआधीचे तीन महिने

बिनपैशाचं थोडं काम दाखवता आलं तर अर्जाचं वजन एकदम वाढतं. गावातली दहा झाडं ठरवा आणि दर आठवड्याला एकाच दिवशी बघा. पालवी, कळी, फूल, कच्चं फळ, पक्वं फळ: आहे, नाही, थोडं, खूप. सीझनवॉच हा नागरिक-विज्ञान प्रकल्प नेमकं हेच करतो, तिथे नोंदी टाकता येतात. खोडाचा घेर मोजायचा तर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, टेप सैल न सोडता. उतारावर असेल तर वरच्या बाजूने उंची धरायची. वडाच्या पारंब्या खोडात मिसळलेल्या असतील तर तसं लिहायचं.

झाडाची ओळख पक्की करा. मराठी नाव एकट्याने पुरत नाही: कोकण-सह्याद्रीत ज्याला अंजन म्हणतात ते वेगळं झाड, आपल्याकडचं आंजन वेगळं. शास्त्रीय नाव प्रत्येक ठिकाणी द्या. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (1998, दोन खंड) हा आपल्या भागाचा आधार. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बघा. शंका असेल तर फांदी वर्तमानपत्रात दाबून, तारीख-गाव लिहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. शेतीच्या बाजूचा प्रश्न असेल तर परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे.

परवानगीचं गणित याच काळात सोडवा. गौताळा, येडशी किंवा नायगाव मयूर अभयारण्यात काम करायचं असेल तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते, कागद नागपूरपर्यंत जातो, त्याला महिने लागतात. पहिल्या प्रकल्पाला अभयारण्य नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. खाजगी धुरा असेल तर मालकाचा होकार, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र. देवस्थान इनाम जमिनीवरची झाडं असतील तर सातबारा आधी बघा. निजामकाळापासूनच्या मदतमाश, खिदमतमाश (उपजीविकेसाठी, सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी) नोंदींत भाऊबंदकी दडलेली असते. टेप घेऊन फिरणारा माणूस मोजणीवाला वाटतो आणि गावात लगेच चर्चा सुरू होते. आधी पारावर बसून सांगा, मग मोजा. किनवट तालुक्याचा काही भाग पेसाखाली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आहे, तिथे ग्रामसभेपुढे विषय ठेवा. वैदूंनी किंवा आजीबाईंनी सांगितलेली औषधं त्यांना न विचारता अर्जात, अहवालात छापायची नाहीत.

अर्ज लिहिताना

आधी मराठीत लिहा, अगदी घरच्या भाषेत. मग इंग्रजी करा किंवा करून घ्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की ‘पर्यावरणाचा ऱ्हास ही जागतिक समस्या आहे’ हे वाक्य आपोआप येतं, आणि तसं वाक्य प्रत्येक अर्जात असतं.

हे बघा: ‘मराठवाड्यात वृक्षतोडीमुळे दुष्काळ वाढत असून जनजागृती करणे गरजेचे आहे.’ यातून काहीच कळत नाही, आणि वृक्षतोडीने दुष्काळ हे इतकं सरळ नाही, हे जाणकाराला खटकतं. आता हे: ‘जिंतूर तालुक्यातल्या पाच गावांत धुऱ्यावरची रामकाठी बाभूळ कोण राखतो आणि का, हे मी घरोघरी विचारून आणि प्रत्येक झाड मोजून नोंदवणार आहे. नकाशा आणि यादी त्या त्या ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जोडली जाईल.’ जागा, झाड, पद्धत आणि शेवटी काय हाती येणार, सगळं दोन वाक्यांत आलं.

नोंदवहीचा उल्लेख मुद्दाम केला. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, नोंदवहीही. अनेक ठिकाणी ती कुठल्यातरी कपाटात असते. ग्रामसेवकांना भेटून आधी बघा, तुमच्या झाडाबद्दल त्यात काय लिहिलंय. जे सापडेल ते, किंवा काहीच नाही हेही, अर्जात लिहा.

‘काय बिघडू शकतं’ असा रकाना असेल तर प्रामाणिकपणे भरा. पाऊस लांबला, बी आलं नाही, रानडुकरांनी रोपं उकरली, शेतकऱ्याने मधेच झाड विकलं. झाड विकलं गेलं तर ती नोंदसुद्धा तुमची माहितीच असते: कुणाला विकलं, लाकूड कुठे गेलं.

खर्चाचं पान

सर्वांत मोठा खर्च तुम्ही स्वतः. आपली माणसं तो लाजेने शून्य लिहितात आणि मग चौथ्या महिन्यात शाळेवर तासिका तत्त्वावर जातात, प्रकल्प राहतो. योजनेत मानधनाला मुभा असेल तर महिन्याचा घरखर्च धरूनच मागा. त्याखाली पेट्रोल, आणि ते गावांतलं अंतर गुणिले फेऱ्या असं मोजून. सोबत येणाऱ्या गावातल्या माणसाची मजुरी, शेतीच्या हंगामातल्या दराने, कारण सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्याहून कमी पैशात कुणी येणार नाही. टेप, नोंदवह्या, फांद्या दाबायची दाबणी, बियांच्या पिशव्या हे किरकोळ. कॅमेरा, लॅपटॉप, ड्रोन असं लिहिलं की खर्चाचं पान संशयाने वाचलं जातं. फोनवर भागत असेल तर फोनवर भागवा.

हप्ते उशिरा येतात हे धरून चाला. दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी नसेल तर पहिला हप्ता आल्याशिवाय माणूस लावू नका. शिक्षणाच्या खर्चासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण ‘मानधन’ किंवा ‘सल्लागार फी’ म्हणून आलेल्या पैशांना ते लागू होईलच असं नाही. मंजुरीच्या पत्रात कुठला शब्द आहे ते बघून सीएला दाखवा. पेट्रोल पंपाच्या पावत्यांची शाई उन्हाळ्यात उडते, त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

शिफारस आणि मुलाखत

शिफारसपत्र आमदारसाहेबांचं नको. तुमचं काम ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याचं हवं: महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे सर, वनरक्षक, एखाद्या संस्थेतली ताई. त्यांना महिनाभर आधी सांगा, अर्जाची प्रत द्या, आणि मुदतीच्या आठ दिवस आधी आठवण करा. सर विसरतात, वाईट वाटून घेऊ नका.

मुलाखत बहुतेकदा ऑनलाइन. गावात रेंजचा भरवसा नसेल तर तालुक्याला मित्राकडे जाऊन बसा. मराठीत बोललं तर चालेल का हे आधीच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, पुष्कळ ठिकाणी चालतं. ‘हेच झाड का’ आणि ‘फेलोशिप नाही मिळाली तर काय कराल’ या दोन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. दुसऱ्याचं खरं उत्तर ‘दहा झाडांच्या नोंदी सुरूच आहेत’ हे असेल तर वही कॅमेऱ्यापुढे धरा.

नकार आला तर कारण विचारणारा एक सभ्य मेल पाठवा. कधी उत्तर येतं, कधी नाही. आलं तर ते शब्द तसेच जपून ठेवा आणि पुढच्या अर्जात त्यांना धरून बदल करा. तोच अर्ज दुसरीकडे पाठवताना मात्र आधीच्या संस्थेचं नाव आत राहिलेलं नाही ना, हे शोधून बघा.

मिळाली तर पहिल्याच आठवड्यात करायच्या तीन गोष्टी: गावात सांगणं, नोंदींच्या फाइलची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवणं, आणि अहवालाच्या तारखा कॅलेंडरवर टाकणं. अहवाल इंग्रजीत मागितला असला तरी मराठी प्रत वेगळी करा. ज्यांच्या धुऱ्यावरची झाडं मोजली त्यांना त्यांच्या गटनंबरासकट ती वाचता आली पाहिजे, आणि चुकलं असेल तर ते तिथल्या तिथे सांगतील.